हात बसलेला नाही, ते काम घ्यावे का?

पत्र: मी गेली नऊ वर्षे लहान मुलांच्या पुस्तकांसाठी जलरंगात चित्रे काढते. ओल्या कागदावर रंग सोडून, कडा विरघळू देऊन काढलेले प्राणी हीच माझी ओळख आहे. गेल्या आठवड्यात रुग्णांसाठी माहितीपुस्तिका तयार करणाऱ्या एका संस्थेने मला कामाविषयी विचारले. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर घरी करायच्या व्यायामांची 40 चित्रे त्यांना हवी आहेत. सारख्या जाडीच्या रेषेत, सपाट दोन रंगांत, व्हेक्टर स्वरूपात (म्हणजे कितीही मोठे केले तरी धूसर न होणाऱ्या, संगणकावर ओढलेल्या रेषांत) आणि दोन महिन्यांत. सोबत त्यांनी दुसऱ्या एका चित्रकाराची चित्रे पाठवून ‘अशीच हवीत’ असे लिहिले आहे. मी असे काम कधीच केलेले नाही, आणि हे मी त्यांना अजून सांगितलेले नाही. मैत्रीण म्हणते, आधी हो म्हण, पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही. मला कामाची गरज आहे आणि नवे शिकण्याची इच्छाही आहे. पण जमले नाही तर काय? जमले, तर माझी ओळख पुसली जाईल का? दुसऱ्याच्या शैलीत काढणे ही चोरी नाही का? आणि मानधन कसे ठरवू? उत्तर देण्यासाठी माझ्याकडे दहा दिवस आहेत.

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

तुम्ही चार प्रश्न विचारले आहेत, परंतु पत्र वाचताना मी थांबले ती प्रश्न नसलेल्या एका वाक्यापाशी: ‘हे मी त्यांना अजून सांगितलेले नाही.’ नेहमीच्या शैलीबाहेरचे काम घेण्यात मला काहीच गैर वाटत नाही, उलट नऊ वर्षे एकाच पद्धतीने काम केल्यानंतर ते घ्यावेसे वाटणे हे मला चांगले लक्षण वाटते. मात्र असे काम बहुतेक वेळा बिघडते ते कौशल्य अपुरे पडल्यामुळे नव्हे, तर ते अपुरे आहे हे सांगायला उशीर झाल्यामुळे. तुमच्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरे पुष्कळशी या एका गोष्टीवर अवलंबून आहेत.

हे मी अनुभवाने सांगते आहे. उमेदीच्या काळात मी शाईच्या बारीक, एकमेकींना छेदणाऱ्या रेषांत काम करत असे. एका प्रकाशकाने मला दाट, अपारदर्शक रंगांतील दृश्ये काढण्याविषयी विचारले आणि मी काही न सांगता हो म्हटले. पेन्सिलीतले कच्चे आराखडे ताबडतोब मंजूर झाले, त्यामुळे मी निर्धास्त झाले. कच्चे आराखडे कोणत्याही शैलीसाठी केले तरी थोडेफार सारखेच दिसतात, हे तेव्हा माझ्या लक्षात आले नाही. खरी अडचण रंग लावायला घेतल्यावर उभी राहिली, आणि तोवर निम्मी मुदत संपली होती. पहिली चार चित्रे तीनदा परत आली. अखेर संपादकांनी अतिशय साधेपणाने विचारले, ‘तुम्ही हे पूर्वी केले आहे का?’ मी नाही म्हटल्यावर त्या रागावल्या नाहीत. आधी कळले असते तर दृश्ये कमी करता आली असती किंवा मुदत वाढवता आली असती, एवढेच त्या म्हणाल्या. आता छपाईची तारीख ठरून गेली होती. झाकली मूठ आपल्या व्यवसायात फार काळ झाकलेली राहत नाही, कारण आपले काम शेवटी समोर ठेवूनच पाहायचे असते.

पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, हे तुमच्या मैत्रिणीचे म्हणणे खरे आहे. पण पोहायला शिकताना कोणी दुसऱ्याला खांद्यावर घेऊन पाण्यात उतरत नाही. येथे तुमच्या खांद्यावर एक संस्था आहे, आणि तिच्या मागे नुकतीच शस्त्रक्रिया झालेली, घरी एकटीने व्यायाम करणारी माणसे आहेत. तेव्हा पाण्यात जरूर पडा, पण आधी स्वतःच्या घरी, या दहा दिवसांत.

त्यासाठी प्रथम नेमके काय येत नाही ते शोधायला हवे. ‘ही माझी शैली नाही’ असे आपण म्हणतो तेव्हा त्या एका वाक्यात तीन निरनिराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. सर्वांत वर असते ती चित्राची कातडी: रेषा कशी, रंग कसा, माध्यम कोणते. त्याखाली असते बांधणी, म्हणजे शरीराचे प्रमाण, यथार्थदर्शन (जवळचे मोठे, दूरचे लहान दिसणे), वजन कोणत्या पायावर आहे याची समज. आणि सर्वांत खाली असतो निर्णय: काय दाखवायचे, काय गाळायचे, पाहणाऱ्याची नजर आधी कोठे न्यायची. पहिली गोष्ट काही आठवड्यांत हाताला येऊ शकते. दुसरीला वर्षे लागतात, पण ती एकदा आली की प्रत्येक माध्यमात सोबत येते. तिसरी गोष्ट प्रत्येक प्रकारच्या कामात नव्याने शिकावी लागते, आणि शैली बदलणारे चित्रकार नेमके तिच्याकडेच दुर्लक्ष करतात असे मी वारंवार पाहिले आहे.

तुमच्या बाबतीत मला कातडीची फारशी काळजी वाटत नाही. बांधणीविषयी मात्र तुम्ही स्वतःशी प्रामाणिकपणे बोलायला हवे. ओल्यावर ओले रंग सोडण्याच्या पद्धतीत पाणी चित्रकाराच्या मदतीला येते. न जमलेला पंजा गवताच्या डागात विरघळून जातो आणि ते सुंदरही दिसते. सारख्या जाडीच्या बंद रेषेत असे काहीच लपत नाही. टाचेची दिशा चुकली तर ती चुकलेलीच दिसते. आणि या पुस्तिकेत ती केवळ दिसण्यापुरती चूक राहणार नाही, कारण कोणीतरी ते चित्र पाहून आपला पाय तसाच ठेवणार आहे. प्राण्यांची चित्रे काढणाऱ्या माणसाला शरीराची समज नसते असे मी मुळीच म्हणत नाही. चार पायांवर वजन कसे वाटले जाते हे ज्याला कळते त्याला दोन पायांचे गणित शिकता येते. प्रश्न एवढाच आहे की ते तुम्हाला आज किती येते, आणि हे ओळखण्याचा एकच मार्ग मला ठाऊक आहे.

संस्थेकडून चाळीसही व्यायामांची यादी मागून घ्या आणि त्यांतील सर्वांत अवघड तीन चित्रे काढून पाहा. सोपी निवडू नका. खुर्चीवर बसून पाय समोर सरळ करणे हे बाजूने पाहिले तर सोपे चित्र आहे. पाठीवर झोपलेला माणूस टाच घसरवत गुडघा वाकवतो आहे आणि आपण त्याला पायांच्या बाजूने तिरपे पाहतो आहोत, हे अवघड आहे, कारण पाय आपल्या दिशेने येताना आखूड दिसतो. दुसरे चित्र आधाराने जिना चढण्याचे घ्या, ज्यात कठड्यावरचा हात, कुबडी आणि पायरी या तिन्ही गोष्टी एकाच वेळी बरोबर याव्या लागतात. तिसरे असे घ्या की ज्यात दुसरी व्यक्ती रुग्णाला मदत करते आहे. दोन शरीरे एकमेकांना स्पर्श करतात तेथे रेषा एकमेकींत गुंततात आणि कोणाचा हात कोणता ते कळेनासे होते.

संदर्भासाठी स्वतःची किंवा घरातल्या कोणाची छायाचित्रे काढा, पण फोन फार जवळ धरू नका. जवळून घेतलेल्या छायाचित्रात पुढे असलेला पाय फुगून मोठा दिसतो, आणि त्यावरून जशीच्या तशी रेषा ओढली तर माणूस विचित्र दिसतो, मात्र का ते कळत नाही. दूर उभे राहून झूम करा आणि कॅमेरा शरीराच्या मध्याच्या उंचीवर ठेवा. छायाचित्र गिरवण्यात लाज वाटण्यासारखे काही नाही, छायाचित्र तुमचेच आहे. परंतु गिरवलेल्या रेषेत कपड्याची प्रत्येक चुणी येते आणि सांधा कोठे आहे ते हरवते. म्हणून आधी छायाचित्रावर खुबा, गुडघा आणि घोटा यांचे तीन बिंदू ठेवा, ते जोडा आणि मग त्याभोवती शरीर उभे करा. या पुस्तिकेत सांधाच नायक आहे. नजर कोठे जायला हवी या निर्णयाचे उत्तर तुम्हाला येथेच मिळते.

तिन्ही चित्रे पूर्ण अंतिम स्वरूपात करा आणि प्रत्येकाला किती वेळ लागला ते लिहून ठेवा. समजा पहिल्याला नऊ तास लागले, दुसऱ्याला सात आणि तिसऱ्याला पाच. अशा वेळी शेवटचा आकडा धरून हिशेब करण्याचा मोह होतो. तसा करूनच पाहा: 40 चित्रे गुणिले पाच तास म्हणजे 200 तास. दोन महिन्यांत साधारण आठ आठवडे येतात, म्हणजे आठवड्याला 25 तास निव्वळ चित्र काढण्याचे, तेही एकही दुरुस्ती न येता, एकही दिवस आजारी न पडता आणि दुसरे कोणतेही काम हाती न घेता. सरासरी सात तास धरले तर 280 तास होतात, आणि दुरुस्त्यांसाठी त्यात आणखी एक चतुर्थांश मिळवला तर 350. हा आकडा समोर ठेवून आठ आठवड्यांकडे पाहा. तीन महिने मागायचे की चित्रे कमी करायची, हा प्रश्न मग तुमच्या धाडसाचा न राहता साध्या गणिताचा होतो, आणि गणित कोणालाही सांगता येते.

व्हेक्टरविषयी थोडे वेगळे सांगते. नवे सॉफ्टवेअर आणि नवी शैली एकाच वेळी शिकू नये, कारण चित्र फसले तर ते कशामुळे फसले तेच समजत नाही. पहिली तीन चित्रे कागदावर एकाच जाडीच्या पेनाने काढा आणि नंतर स्कॅन करून त्यांवर व्हेक्टरची रेषा नव्याने ओढा. सॉफ्टवेअरला आपोआप रूपांतर करू दिले तर रेषेवर शेकडो अनावश्यक बिंदू येतात आणि पुढे एक गुडघा थोडा हलवायचा झाला तरी तास जातो. चित्र लहान-मोठे करताना रेषेची जाडीही बदलते की नाही, ही सेटिंग पहिल्याच दिवशी पाहून ठेवा. ती चुकली तर चाळीस चित्रांत चाळीस जाडीच्या रेषा होतात. आणखी एक गोष्ट, त्यांना व्हेक्टर खरोखरच हवे आहे का, हे विचारा. पुष्कळदा हा शब्द ‘स्वच्छ छापले जाईल असे’ एवढ्याच अर्थाने वापरलेला असतो. केवळ काळ्या रेषेचे चित्र छापील आकारात 1200 डीपीआयने (म्हणजे दर इंचाला 1200 ठिपके) स्कॅन केले तर तेही धारदार छापले जाते. 300 डीपीआय हा आपला नेहमीचा आकडा रंगीत चित्रांसाठी पुरतो, शुद्ध रेषेसाठी तो कमी पडतो. चित्रे पुढे मोठ्या तक्त्यांवर जाणार असतील किंवा त्यांचे रंग वरचेवर बदलायचे असतील तर मात्र व्हेक्टरच हवे.

आता त्यांच्याशी बोलण्याविषयी. यादी मागण्यापलीकडे, तीन चित्रे हातात आल्याशिवाय त्यांना काही लिहू नका, आणि आल्यावर एक दिवसही थांबू नका. पत्र असे असू शकेल: ‘माझे आजवरचे काम जलरंगातील आहे, या प्रकारचे काम मी व्यावसायिकरीत्या प्रथमच करणार आहे. आपल्या यादीतील अवघड वाटलेली तीन चित्रे मी काढून पाहिली, ती सोबत जोडत आहे. या दर्जाची 40 चित्रे करण्यास मला तीन महिने लागतील. आपणास हे योग्य वाटत असेल तर पहिल्या पाच चित्रांनंतर दोघांनीही पुन्हा विचार करावा, असे मी सुचवते.’ यात क्षमायाचना नाही, हे पाहा. ‘मला नीट येत नाही, पण संधी द्या’ असे लिहिणाऱ्याला संस्था नकार देते ते योग्यच असते. काय येते याचा पुरावा आणि काय नवे आहे याची स्पष्ट माहिती एकत्र मिळाली तर बहुतेक शहाणी माणसे विचार करतात. ही तीन चित्रे फुकट दिली असे होऊ नये म्हणून ती नमुन्यादाखल आहेत, करार झाल्याशिवाय छापू नयेत, असे त्याच पत्रात लिहा आणि कमी रिझोल्यूशनची प्रत पाठवा.

त्याच पत्रात त्यांना एक प्रश्न विचारावा असे मला फार मनापासून वाटते: तुम्ही मलाच का विचारलेत? सपाट रेषेत सफाईने काम करणारे पुष्कळ चित्रकार आहेत. ओल्या रंगांतील प्राणी पाहून कोणी तुमच्याकडे व्यायामाच्या चित्रांसाठी येते, तेव्हा त्यामागे काहीतरी असते. कदाचित त्यांच्या आधीच्या पुस्तिकेतले चेहरे इतके निर्विकार होते की रुग्णांना ती उघडावीशीच वाटली नाही. कदाचित तुमच्या चित्रांतला हळुवारपणा त्यांना हवा आहे, पण तो मागायचा कसा हे त्यांना ठाऊक नाही, म्हणून त्यांनी हाताला लागलेला दुसऱ्याचा नमुना जोडला. असे असेल तर ते मागत असलेली शैली आणि त्यांना हवी असलेली गोष्ट या दोन निराळ्या आहेत, आणि त्यांतली दुसरी तुमच्याकडे आधीपासून आहे. किंवा कदाचित त्यांनी चित्रकारांच्या एखाद्या यादीतले पहिले नाव उचलले असेल. तेही कळलेले बरे.

दुसरा प्रश्न असा की चित्रांतली प्रत्येक स्थिती कोण तपासणार? 1920 च्या दशकात व्हिएन्नामध्ये समाजशास्त्रज्ञ ऑटो नॉयराट यांनी आकडेवारी चित्रांतून सामान्य माणसाला कळावी म्हणून एक पद्धत उभी केली, जी पुढे आयसोटाइप या नावाने ओळखली गेली. तिथे तज्ज्ञ आणि चित्रकार यांच्यामध्ये आणखी एक व्यक्ती असे, जी तज्ज्ञांच्या माहितीतले काय चित्रात यायचे आणि कसे यायचे ते ठरवी. त्यांच्या सहकारी मारी नॉयराट यांनी हे काम अनेक वर्षे केले. तुमच्या कामातही अशी व्यक्ती हवी, आणि ती फिजिओथेरपिस्ट असावी. गुडघा किती वाकवायचा हे तुम्ही अंदाजाने ठरवता कामा नये. कच्च्या आराखड्याच्या टप्प्यावरच त्यांची लेखी मंजुरी घ्या, कारण अंतिम रेषेनंतर बदललेला कोन म्हणजे जवळजवळ नवे चित्र असते.

त्याच पद्धतीसाठी गेर्ड आर्न्ट्झ यांनी सुमारे 4000 चिन्हे तयार केली. हे गृहस्थ मूळचे लाकडी ठशांमधून राजकीय चित्रे काढणारे कलाकार होते. बेकार कामगार, कारखाने आणि तुरुंग यांची काळ्या-पांढऱ्या, टोकदार मांडणीची त्यांची चित्रे, आणि तक्त्यांवर ओळीने उभी राहणारी एकसारखी, शांत माणसे शेजारी ठेवून पाहिली, तर पहिल्या नजरेत हात एकच आहे असे वाटत नाही. पण ठसा कोरणाऱ्याला एक सवय असते: जे काढून टाकता येईल ते काढून टाकायचे, आणि उरलेल्या आकाराने बोलायचे. ती सवय त्यांनी चिन्हांत आणली. पुष्कळशी चिन्हे तर त्यांनी लिनोलियम या मऊ, कोरता येणाऱ्या पदार्थात कोरूनच केली. जुन्या कामातले काय नव्या कामात नेता येईल, हा प्रश्न त्यांच्या उदाहरणामुळे मला नेहमी आठवतो. तुमच्याकडून तेथे काय जाईल? मला वाटते, ओल्या रंगात काम करणाऱ्याला कोठे थांबायचे ते कळते. एक डाग टाकून हात मागे घेणे ज्याला जमते, त्याला चित्रात कमी ठेवणेही जमू शकते. चुणी नको, केस नकोत, खोलीतले सामान नको; मात्र भुवईच्या एका लहान वळणातून चेहऱ्यावर थोडा धीर आणता येतो, आणि तेवढा अवश्य आणावा.

काही बारकावे येथेच सांगून टाकते, कारण बोधचित्रांना नवख्या चित्रकाराच्या ते लवकर ध्यानात येत नाहीत. अशा पुस्तिकांच्या छायाप्रती निघतात, आणि छायाप्रतीत हलका करडा रंग डागाळतो किंवा नाहीसा होतो. म्हणून अर्थ रेषेतच असावा, रंगाने फक्त मदत करावी. काही लोकांना लाल आणि हिरवा यांतला फरक दिसत नाही, तेव्हा शस्त्रक्रिया झालेला पाय आणि दुसरा पाय यांसाठी ही जोडी वापरू नका. डावे-उजवे हा सर्वांत मोठा सापळा आहे: माणूस आपल्याकडे तोंड करून असेल तर त्याचा उजवा पाय आपल्या डाव्या हाताला येतो, आणि वाचक गोंधळतो. शक्य तेथे बाजूने किंवा मागून दाखवा, आणि शस्त्रक्रिया झालेला पाय सगळ्या चित्रांत एकाच पद्धतीने रंगवा. हालचालीसाठी सुरुवातीची स्थिती तुटक रेषेत आणि शेवटची सलग रेषेत ठेवली तर एकच बाण पुरतो. चित्रात अक्षरे काढू नका. ती संगणकातल्या फाइलीत वेगळ्या लेअरवर, म्हणजे स्वतंत्र थरावर, राहिली तर पुस्तिका दुसऱ्या भाषेत नेता येते. आणि सर्वांत आधी एका कागदावर तुमच्या पुस्तिकेतला माणूस समोरून, बाजूने, मागून, बसलेला आणि झोपलेला काढून तो डोळ्यांसमोर लावा, नाहीतर तिसाव्या चित्रापर्यंत त्याचे पाय नकळत लांब झालेले असतात.

दुसऱ्या चित्रकाराच्या नमुन्याविषयी तुम्हाला जे खटकले, ते खटकले याचे मला समाधान वाटते. कायद्याच्या दृष्टीने सर्वसाधारणपणे संरक्षण असते ते प्रत्यक्ष चित्राला, शैली या कल्पनेला नव्हे. सारख्या जाडीची रेषा आणि दोन सपाट रंग यांवर कोणाचीच मालकी नाही. परंतु त्या चित्रकाराचे एखादे चित्र समोर ठेवून तीच मांडणी, तोच कोन आणि तोच आकार उचलला तर ती नक्कल होते, आणि ‘शैली घेतली’ असे म्हणून ती झाकता येत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी, आपली ओळख पुसली जाईल का अशी भीती ज्या माणसाला वाटते, त्याने दुसऱ्याची ओळख उसनी घेऊ नये. यावर उपाय करता येण्यासारखा आहे. संस्थेला विचारा की या चित्रांतले नेमके काय आवडले, आणि उत्तर विशेषणांत मागा: रेषा जाड आहे म्हणून? चेहरे साधे आहेत म्हणून? भोवती मोकळी जागा आहे म्हणून? ती विशेषणे लिहून घ्या आणि नमुना बाजूला ठेवून द्या. काम चालू असताना तो समोर ठेवू नका. त्यांचा आग्रह ‘हुबेहूब हेच’ असा असेल, तर हे काम त्या चित्रकारालाच द्यावे असे मी स्पष्ट सुचवेन. त्यांना त्याचे मानधन परवडत नाही म्हणून ते तुमच्याकडे आले असतील, तर तुम्ही हे काम घेऊ नये असे माझे मत आहे.

आता तुमच्या ओळखीचे. इंग्रज चित्रकार आणि कवी एडवर्ड लिअर अठराव्या वर्षी लंडनच्या प्राणिसंग्रहालयातले पोपट प्रत्यक्ष पाहून, मोजून काढू लागले आणि 1830 ते 1832 या काळात त्यांची 42 शिळामुद्रित चित्रे प्रसिद्ध झाली. पिसापिसाची नोंद असलेले ते शास्त्रशुद्ध काम होते. पुढे 1846 मध्ये त्यांनी विक्षिप्त माणसांची, चार रेषांत काढलेली, मुलांना हसवणारी चित्रे कवितांसह प्रसिद्ध केली, ती मात्र टोपणनावाने. स्वतःचे नाव त्यांनी 1861 च्या आवृत्तीत दिले. दोन्ही कामे आज त्यांचीच म्हणून ओळखली जातात. लिअर यांना टोपणनाव का घ्यावेसे वाटले असेल ते आपण समजू शकतो, पण तुम्हाला त्याची गरज आहे असे मला वाटत नाही. मुलांच्या पुस्तकांचे प्रकाशक आणि आरोग्यपुस्तिका काढणाऱ्या संस्था हे दोन निराळे वाचक आहेत, एवढे मानून पोर्टफोलिओचे दोन स्वतंत्र विभाग करा. दोन्ही एकत्र कालवले तर पाहणाऱ्याला तुम्ही नक्की काय करता ते कळत नाही. आणि हे काम आवडले नाही तर ते दाखवूच नका. आपण जे दाखवतो तेच आपल्याकडे पुन्हा मागितले जाते, हा या व्यवसायातला माझा फार जुना अनुभव आहे.

मानधनाविषयी थोडक्यात सांगते. तुमच्या शिकण्याचे तास तुमचे, त्यांच्या पुस्तिकेचे तास त्यांचे. पहिल्या तीन चित्रांचा आणि सॉफ्टवेअरच्या सरावाचा वेळ हिशेबात धरू नका, पण नवखेपणाच्या संकोचापोटी उरलेल्या कामाचा दर कमीही करू नका. पुस्तिका वापरणाऱ्याला चित्र बरोबर आहे की नाही एवढेच कळते. ते कितवे आहे हे त्याला ठाऊक नसते, आणि बरोबर चित्राची किंमत पहिल्यांदाही तेवढीच असते. करारात पहिल्या पाच चित्रांनंतर दोन्ही बाजूंना थांबण्याची मुभा आणि थांबल्यास तोवरच्या कामाचे पूर्ण मानधन असावे. आगाऊ रक्कम, पाच चित्रांनंतरचा हप्ता आणि अखेरचा हप्ता असे तीन भाग करा, दुरुस्त्यांच्या दोन फेऱ्या ठरवून त्यापुढील फेरीचा वेगळा दर लिहा, आणि चित्रे केवळ या पुस्तिकेपुरती की तक्ते, संकेतस्थळ व भाषांतरे यांसाठीही, हे शब्दांत नोंदवा.

हे काम सोडून द्यावे असे मी केव्हा म्हणेन? तीन चित्रे काढून झाल्यावर तिसरेही पहिल्याइतकेच चुकीचे असेल, म्हणजे तुमचा वेग नव्हे तर बांधणीच अडत असेल, तर नाही म्हणा. फिजिओथेरपिस्ट मिळणार नाही असे त्यांनी कळवले, तरीही नाही म्हणा. आणि तिन्ही चित्रे ठीक होऊनही ती काढताना एकदाही तुमचे मन त्यांत रमले नसेल, तर आणखी 37 काढण्याआधी एक रात्र थांबा. पैशाची गरज मला कळते, आणि ती निर्णयात मोजली जायलाच हवी. पण साडेतीनशे तास हा फार मोठा काळ आहे, आणि त्या काळात जलरंगांचे जे काम तुम्ही नाकाराल त्याचीही किंमत धरावी लागेल.

दहा दिवसांपैकी आजचा दिवस यादी मागवण्यात घालवा. ती येईपर्यंत वाट पाहू नका. घरातल्या कोणाला तरी जमिनीवर पाठीवर झोपायला सांगा, त्यांच्या पायांच्या बाजूला दूर उभ्या राहा, आणि टाच घसरवत गुडघा वर येतो तेव्हा मांडी कशी आखूड दिसत जाते ते आधी नुसते पाहा.